सदतीस नंबरचं मडकं

भागूबाईला बूड टेकवून बसणं जन्मात जमलं नव्हतं, पण त्या दिवशी तिने हद्दच केली. भाकरी तव्यावर टाकून उठली, दारात गेली, परत आली, तोवर भाकरीचा कोळसा. सुनेने, सृष्टीने, विचारलं, "आत्या, झालंय तरी काय?"

"सदतीस नंबर," भागूबाई म्हणाली. "त्ये तपासलंच न्हाई गं आपन."

कोपरगावजवळच्या या कुंभारणीला आयुष्यभर एकच ठाऊक होतं, की गळकं मडकं गिऱ्हाइकाला द्यायचं नाही. साठीला टेकल्यावर एका प्रशिक्षणात तिला सांगितलं, आता मुद्दाम गळणारी मडकी करा! मातीत उसाच्या चिपाडाचा बारीक भुसा मिसळायचा. भट्टीत तो जळतो आणि डोळ्यांना न दिसणारी छिद्रं उरतात. गढूळ पाणी त्यांतून झिरपून खालच्या बादलीत पडतं, घाण आणि जंतू वर अडकतात. वीज नको, की महागडं मशीन नको. भागूबाई आधी पोट धरून हसली, मग खुळ्यासारखी कामाला लागली. बारावी झालेली सृष्टी मातीला हात लावणार नाही म्हणत होती, पण कुंभाराची सून आज ना उद्या उकिरड्यावर येणारच. प्रत्येक मडक्यावर नंबर घालून, मोबाईलवर वेळ लावून तीच ते तपासू लागली. तासाला दोन-अडीच लिटर गळलं तर पास. त्याहून भरभर गळलं तर छिद्रं मोठी, मग जंतूही खाली जाणार. असलं मडकं फोडून टाकायचं.

गोदावरीला पूर आला आणि नदीकाठच्या वस्तीचे हातपंप बुडाले. चाळीस मडकी टेम्पोत चढली तेव्हा एक तपासायचं राहिलं होतं. "एकाच भट्टीतलं हाय, जाऊ दे," असं भागूबाईच म्हणाली होती. दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नव्हती. तेच तिला खात होतं.

शेवटी तपासलेलं एक मडकं काखेत मारून ती वस्तीवर गेली. सदतीस नंबर साळूबाईच्या ओसरीत सापडलं.

"या, या! लई गुणाचं मडकं दिलंत बगा," साळूबाई कौतुकाने म्हणाली. "बाकीच्यांची थेंब थेंब गळत्यात, आमचं तासात बादली भरतं. सगळी आळी हितनंच पानी नेती."

भागूबाईने काखेतलं मडकं खाली ठेवलं. "साळूबाई, ह्ये बाद हाय. फोडावं लागंल."

"नितळ पानी देतंय की! अन् घरात महिन्याची बाळंतीण हाय. मडकं मसनात फोडत्यात, दारात न्हाई!"

भागूबाईचा हात थबकला. साळूबाईचं काही चुकत नव्हतं. शेजारच्या बायका जमल्या होत्या. एक मडकं वाईट म्हटलं की उरलेली एकोणचाळीसही लोक फेकून देतील, हे तिला दिसत होतं. पुढे काही न बोलता मडकं बदलून न्यावं, असा मोह तिला झाला. खोटं कशाला बोला, झालाच.

तेवढ्यात साळूबाईची सून ज्ञानेश्वरी बाळाला घेऊन उंबऱ्यात आली. "मावशी, बाळाची गुटी मी ह्याच पान्यात उगाळते. आधी उकळून घ्यायची. तुमचं मडकं आलं अन् उकळायचं सोडलं."

भागूबाईने बाळाकडे पाहिलं. चांगलं करायला गेली आणि तिनेच या घरातली चूल विझवली होती.

"बायांनो, ह्ये पानी पिऊ नका! चूक माजी हाय, मी न तपासता दिलंया!" ती सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली आणि मडकं दारातल्या दगडावर आपटलं. साळूबाईने कपाळावर हात मारून घेतला. बाळ दचकून रडू लागलं. भागूबाईने त्याचं पोट, कपाळ चाचपलं. ताप नव्हता.

"मंग आता कंचं पानी देऊ?" ज्ञानेश्वरीने विचारलं.

तपासलेलं मडकं भागूबाईच्या पायाशीच होतं. पण 'हे घे' म्हणायला तिची जीभ रेटेना.

"उकळून दे, बाई," ती म्हणाली. "माजं मडकं असलं तरी उकळूनच दे."