धुराचा खोकला

आमच्या नानांच्या भरिताचा धूर एकदा धरणगावाकडून निघाला तो थेट भुसावळ जंक्शनात शिरला, आणि तिथं उभ्या असलेल्या मालगाडीचा ड्रायव्हर खाली उतरून, पंगत कुठं बसलीय, असं विचारत सुटला. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की तो ड्रायव्हर आता मला नात्यातलाच वाटतो. नाना म्हणजे माझे धाकटे काका. हिवाळ्यात हिरवी वांगी बाजारात आली की पंचक्रोशीत कुणाचंच भरीत नानांशिवाय होत नसे. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग पेटवायचा, त्यात शे-दोनशे वांगी लोटायची आणि लांब काठीनं ती उलटवत धुरात उभं राहायचं. दुसरा माणूस घटकाभरात डोळे पुसत पळे. नाना शेवटचं वांगं निघेपर्यंत हलत नसत. मग बाहेर येत ते स्वतःच भाजून निघाल्यासारखे, काळेठिक्कर, आणि खोकत. खोकणारच की. धूर गिळला की माणूस खोकतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

त्याच सुमारास देशानं ठरवलं की क्षयरोग हद्दीबाहेर घालवायचा. ते उद्दिष्ट दिल्लीहून निघालं, मुंबईत चहा प्यालं, जळगावला जेवलं आणि एका मंगळवारी आमच्या ग्रामपंचायतीच्या ओट्यावर येऊन बसलं. सरपंचांनी सभा घेतली. गाव क्षयमुक्त ठरवून घ्यायचं तर अमुक इतक्या लोकांचा कफ तपासायला गेलाच पाहिजे, असा नियम होता. शेजारच्या गावाआधी आपला मान झाला पाहिजे, असं सरपंच बोलले आणि सभा तापली. देशाचं आम्ही उद्या बघितलं असतं, पण शेजारच्या गावाला उद्यापर्यंत कोण थांबणार?

हे काम करायचं आशाताईनं. आमच्या गावची आशाताई म्हणजे नानांची सून, माझी वहिनी. आशा म्हणून गावची सूनच निवडतात, आणि ते बरंच आहे, लेकी लग्न होऊन जातात. पण आमच्याकडं सून म्हणजे सासऱ्यासमोर, चुलतसासऱ्यासमोर, गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांसमोर डोक्यावर पदर, नजर खाली आणि तोंड बंद. पुरुषमाणसाला काही विचारायचं तर त्याच्या बायकोमार्फत. वहिनी घरोघर जाई, बाईला दारात विचारी, बाई आतल्या नवऱ्याला विचारी, आणि उत्तर त्याच वाटेनं परत येई. गावभर हे चालून गेलं. अडलं ते तिच्याच घरात.

त्या दिवशी मी तिथं जेवायला होतो. नाना खाटेवर, काकू चुलीपाशी, वहिनी दाराआड.

“आत्याबाई,” वहिनी हळूच सासूला म्हणाली, “यास्ले इचारा ना, खोकला कितला दिनपासून शे?”

नाना तिच्यापासून तीन हातांवर होते. पण ऐकूनही न ऐकणं हा सासऱ्याचा धर्म. काकूंनी प्रश्न पुढं नेलाच नाही, तव्यावरची भाकरी उलटवत तिथंच निकाली काढला.

“धुरना खोकला शे तो. हिवाया सरना की तोबी सरी जाई.”

“आन् सांजले ताप येस तो?”

“आगजोडे उभा ऱ्हातस. आंग तपीच ना.”

“वाळी गयात कितला.”

“भरीत करनारा कदी भरीत खास का?”

आता नानांना गप्प बसवेना. सुनेशी बोलता येत नाही, म्हणून ते ताटाशी बसलेल्या मांजरीकडं वळले. “तिले सांग व माय, माले काहीच व्हयेल नही.”

मी हसलो. मांजर सोडून सगळेच हसले. त्या एका आगीनं खोकल्याचं, तापाचं, रोडावण्याचं, सगळ्याचं कारण देऊन टाकलं होतं. डॉक्टरला विचारायला काही उरलंच नव्हतं.

तरी वहिनीनं डबी काकूंच्या हाती दिली. सकाळी उठल्या उठल्या छातीतून खाकरून काढलेला कफ हवा, असं नीट समजावलं. पण सून घरात वावरत असताना सासऱ्यानं घसा फाडून खाकरायचं कसं? नानांनी मोरीत जाऊन नुसती थुंकी टाकली, पाण्यासारखी, आणि झाकण लावून डबी ओट्यावर ठेवली. वहिनीनं ती उजेडात धरून पाहिली.

“आत्याबाई, ही थुकी शे. कफ नही.”

काकू भडकल्या. “आते सासरानी थुकी बी तूच देखशी का?”

डबी तशीच गेली, आणि तिच्यात काही निघालं नाही.

आकडा भरायला मग व्यायामशाळेतली पोरं पुढं आली. एकेकाची छाती अशी की बैलगाडी वरून न्यावी. त्यांनी रांगेत उभं राहून, साऱ्या खानदेशातले कावळे उडतील असं खाकरून दिलं. दोन हिवाळ्यांनी गावाचा मान झाला, पंचायतीवर पाटी लागली, आणि त्या आनंदात जी पंगत बसली तिचं भरीत अर्थातच नानांनी केलं. या धुरात टीबी काय, यमही शिरायचा नाही, असं ते ओरडत होते. ओरडून झालं की मांडवाची बल्ली धरून उभे राहत. मी ते पाहिलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

पंगत उठल्यावर काकू त्यांना बोलवायला गेल्या. नाना पायानं राख ओढून जमिनीवर काहीतरी झाकत होते. राखेतून लाल दिसत होतं. त्यानंतर घरात धुराचं नाव कुणी काढलं नाही.

आम्ही त्यांना धुळ्याला नेलं. वॉर्डात कफाची डबी पुन्हा आली, तेव्हा काकू कोपऱ्यात बसून राहिल्या. वहिनी पुढं झाली. पदर खांद्यावर पडला होता, तिनं तो उचलला नाही. नानांच्या पाठीला हात लावून ती म्हणाली, “नाना, थुकी नको. छातीमाईन काढा.”

लग्न होऊन ती आमच्या घरात आली तेव्हापासून तिनं त्यांना हाक मारलेली मी ऐकली नव्हती. नानांनी तिच्याकडं नीट पाहिलं, मग माझ्याकडं. “देख रे भो, सरकारनी माले सूनमोरे थुकाले लावं.” आणि त्यांनी खाकरून दिलं.

औषध लगेच सुरू झालं. बाहेर डॉक्टर मला म्हणाले, दोन हिवाळे आधी आणलं असतं तर सहा महिन्यांच्या गोळ्यांचं काम होतं. मी नानांजवळ बसून मालगाडीच्या ड्रायव्हरची गोष्ट नव्यानं रचायला घेतली, या वेळी त्यानं अख्खी गाडी गावात आणली होती. नाना हसले की खोकत, खोकले की रक्त पडे. डॉक्टरांनी मला गप्प राहायला सांगितलं. झोपेतही बडबडणारा माणूस मी, त्यांचे पाय चेपत मुकाट बसून राहिलो. संक्रांतीच्या आधी नाना गेले.

तेराव्यानंतर वहिनी घरातल्या सगळ्यांची तपासणी करायला बसली. आधी मुलं, मग बायका. मग ती माझ्या वडिलांसमोर, आबांसमोर येऊन उभी राहिली. आबा नानांचे थोरले भाऊ, जन्मभर त्या आगीत पऱ्हाट्या टाकणारे.

“आबा, खोकला कधीपासून शे?”

आई तिथं नव्हती, म्हणून आबांनी सवयीनं काकूंकडं पाहिलं. त्यांनी उत्तर द्यावं म्हणून वाट पाहिली. काकू गहू निवडत होत्या. त्यांचा हात सुपात थांबला, पण त्यांनी मान वर केली नाही. आबांनी इकडंतिकडं पाहिलं, मांजरही नव्हती.

“दिवायीपासून,” ते म्हणाले.

वहिनीनं त्यांना हाताला धरून अंगणात मोकळ्या हवेत नेलं आणि डबी हातात दिली. आबा तिच्याकडं पाठ करून उभे राहिले. ती हलली नाही. मग त्यांचे खांदे वर गेले आणि ते खोकू लागले.