चित्रातली उत्तर दिशा

पुण्याहून विमानाने परतताना खिडकीजवळची जागा मिळाली आणि लखनऊला उतरायच्या आधी खाली जे दिसलं, ते कितीतरी दिवस डोक्यातून जाईना. मलिहाबादच्या आंब्याच्या बागा वरून बागा वाटतच नव्हत्या. काळपट हिरवे ठिपके, मधेच मोहरीचा पिवळा पट्टा, आणि नदी मनाला येईल तशी वळलेली. बख्शी का तालाबच्या हवाई तळावरच्या आमच्या क्वार्टरमध्ये, मागच्या खोलीत बसून मी ते रंगवलं. झाडं नाहीत, घरं नाहीत, नुसते रंग.

लेकीने दारातूनच निकाल दिला, "मम्मा, ये बाथरूम की टाइल्स हैं क्या?" तिचं मी मनावर घेतलं नाही. मला एकाच माणसाचं मत हवं होतं. माझा नवरा हवाई दलात, मालवाहू विमानांवर फ्लाइट इंजिनिअर. अर्धी नोकरी आकाशात गेलेली. मी एकदा पाहून वेडी झाले, याने तर ते वर्षानुवर्षं पाहिलेलं. चित्र कळलं तर यालाच कळणार, अशी माझी खात्री होती.

तो चहाचा कप घेऊन आला. मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिला.

"यात नॉर्थ कुठे आहे?"

"काय?"

"अगं, बागा नदीच्या पश्चिमेला हव्यात. तू उजवीकडे टाकल्यास."

"नकाशा नाहीये तो!"

"अच्छा, पण दिशा तर कळायला हवी ना यार." असं म्हणत त्याने खिशातली पेन्सिल काढली आणि कोपऱ्यातल्या ओल्या पिवळ्या रंगात सरळ एक बाण ओढला. वर सुबक 'एन'सुद्धा काढला.

माझं डोकंच फिरलं. तोंडाला येईल ते बोलले. "इतकी वर्षं वरून बघतोयस, तुला कधी काहीच कसं वाटलं नाही रे?"

तो गडबडला. रुमालाने बाण पुसायला गेला, तर पिवळा रंग आणखीच फरफटला.

"माझी सीट पायलटच्या मागे असते," तो म्हणाला. "समोर इंजिनांच्या मीटरचे काटे. त्यांच्यावरून नजर हलवायची नसते." मग पुन्हा चित्राकडे वळून त्याने हळूच विचारलं, "खरंच असं दिसतं का गं?"

आता यावर काय भांडणार? त्याच्या प्रत्येक उड्डाणाला मी मनातून त्याचा हेवा करत आले होते. त्याच्या हातातला तो पिवळा रुमाल काढून घेताना माझा राग होता तेवढाच होता. तो कुणावर काढायचा, तेच कळेना.