गोळ्या माझ्याकडे, बंदूक धुळ्याला

शिशाच्या गोळ्या लाकडाच्या पेटीत ठेवू नयेत. एवढी साधी गोष्ट माझा धाकटा भाऊ साठीला टेकला तरी शिकला नाही, आणि त्याचं खापर मात्र त्याने चारचौघांत माझ्या डोक्यावर फोडलं. माझा राग अजून गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही.

आमचं रान बोदवडच्या पुढे, नाल्याकाठी. कापूस आणि मका. रानडुकरांचा कळप मक्यात शिरला की खातो त्याच्या दुप्पट तुडवतो, सकाळी उभं पीक आडवं दिसतं. म्हणून आबांकडे, आमच्या वडिलांकडे, पीक राखण्यासाठी परवान्याची बंदूक होती. जुनी, ठासणीची. तिच्या मापाची गोळी बाजारात मिळत नसे, आबा ओट्यावर चूल मांडून घरीच ओतत. लोखंडी साचाही त्या एकाच बंदुकीचा. गावातली माणसं जाता-येता चेष्टा करत, "तिकडे वरणगावले सरकारचा गोळ्यांचा कारखाना, अन् इकडे आबाचा!" आबांना ते मनातून आवडायचं.

आबांनी ओतायच्या आणि मी सांभाळायच्या, अशी आमची वाटणी होती. नवऱ्याचं घर सोडून मी परत आले तेव्हा सगळ्या गावाने नाकं मुरडली. आबांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी गोळ्यांचं घमेलं माझ्यापुढे सरकवलं आणि कामाला लावलं. सुरकुती पडलेली गोळी बाजूला काढायची, बाकीच्या कोरड्या फडक्याने पुसायच्या. पत्र्याच्या डब्यात घरच्या कापसाचा थर द्यायचा, त्यावर एकमेकींना टेकणार नाहीत अशा गोळ्या, वर पुन्हा कापूस. शिसं मऊ असतं, गोळीवर गोळी आपटली तरी खड्डा पडतो. डबा स्वयंपाकघरात न्यायचा नाही, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला शिवायचं नाही.

"लाकडात नको ठेवजो, माय," आबा सांगायचे. "ओलीत नको, आंबटाजवळ नको. शिसं रुसतं. पांढरं पडतं. अन् ते पांढरं म्हणजे इख."

खरं म्हणजे आबा गोळी क्वचितच झाडत. नुसता बार काढला तरी आवाजाने कळप पळायचा. पण डबा भरलेला असला की त्यांना स्वस्थ झोप लागायची, आणि डबा माझ्या हातचा आहे हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मला तेवढं पुरत होतं.

आबा गेले. बंदूक कोणाच्या नावावर करायची, हा आमच्या घरात प्रश्नच नव्हता. भाऊ धुळ्याला नोकरीला, राहायला फ्लॅटमध्ये. रानात आला तर बुटाला चिखल लागेल म्हणून बांधावरूनच बोलायचा. पण मुलगा ना! "अक्का, बंदूक मुलाकडेच शोभते," तो म्हणाला. "डुकरं आली की फोन कर. मी येतोच." मी संमती दिली. पाठचा भाऊ येतोच म्हणाला, मग काय त्याच्याकडून शपथ घ्यायची?

तो कधीच आला नाही. एका वर्षी साहेबांची भेट होती, एका वर्षी गुडघा दुखत होता, मग मी कारणं ऐकणं सोडून दिलं. गावात सगळे करतात तेच मीही केलं. रिकामा डबा बडवत मक्याच्या कडेने फिरायचं, आणि खांब रोवून शेताभोवती जुन्या साड्या बांधायच्या. वाऱ्याने साडी फडफडली की डुकरं बिचकतात. चार दिवस बिचकतात, पाचव्या दिवशी खालून शिरतात. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, तशी आमची गत. बंदूक धुळ्याच्या दिवाणखान्यात आणि गोळ्या माझ्या कोनाड्यात.

दसरा आला की मात्र भावाला गोळ्या आठवायच्या. शस्त्रपूजेला त्याच्याकडे माणसं यायची. "अक्का, डबा घेऊन ये." मी एसटीने डबा मांडीवर धरून जायची. पूजा झाली की गोळ्या पुसून, कापसात घालून परत आणायची.

दोन वर्षांमागच्या दसऱ्याला मी ठरवूनच गेले. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "भाऊ, बंदूक माझ्या नावावर करून दे. रानात मी राहते."

तो हसला. "अक्का, बाईमाणसाला बंदूक? आणि या वयात?"

मग सगळेच हसले. आधी मला लाज वाटली, आणि लाज मला का वाटावी म्हणून मग संताप आला. त्या बंदुकीत गेलेली एकूण एक गोळी माझ्या हाताखालून गेली होती. हसणाऱ्यांपैकी एकालाही बंदुकीचं तोंड कुठलं आणि बूड कुठलं हे सांगता आलं नसतं.

हसून झाल्यावर भावाने एक सागवानी पेटी आणली, आत लाल मखमल. गोळ्या आता इथेच राहतील, म्हणाला. मी म्हटलं, लाकडात नको, आबा नको म्हणायचे. "शिसं काय लोखंड आहे गंजायला?" तो म्हणाला, आणि शिकली-सवरलेली माणसं माना डोलावू लागली. गुरुजींनी गोळ्यांवर पंचामृत घातलं, दही-दूध-मध सगळं. भावजय ताम्हनातलं ते तीर्थ वाटायला उठली, तेव्हा मी तिचा हात धरला. "अगं, ते कोणाला देऊ नकोस. शिशावरून आलंय." पुढे झालेले हात मागे गेले. भावाचा चेहरा उतरला. त्याने गोळ्या तशाच ओल्या पेटीत घातल्या आणि झाकण लावलं. मी कापसाचा रिकामा डबा घेऊन घरी आले.

पुढच्या दसऱ्याला पेटी उघडली. आत जे होतं त्याला गोळ्या म्हणवेना. पांढरी पुटं चढलेली, मखमलीला चिकटलेली, बोट लावलं की भुकटी.

"ओ माय! हाई काय शे बठ्ठं?" भावजय ओरडली.

भाऊ पाहुण्यांकडे बघत म्हणाला, "अक्काने आधीच नीट ठेवल्या नसतील."

चोराच्या उलट्या बोंबा. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "आबांच्या हाताच्या होत्या रे. शेवटच्या."

"मग काय झालं? साचा तुझ्याकडेच आहे ना? नव्या ओतून दे."

मी गोळ्या कागदात गुंडाळल्या, हात धुतले आणि न जेवता निघाले. घरी ओट्यावर चूल मांडली. शिसं वितळलं तसा पांढरा मळ वर आला, तो काढून टाकला. खाली शिसं होतं तसंच होतं, चकचकीत. मी आबांच्या साच्यात नव्या गोळ्या ओतल्या, सुरकुतलेल्या वेगळ्या काढल्या, पुसल्या, कापसात ठेवल्या. आबांच्या हाताचं त्यात काही राहिलं का, कोणास ठाऊक. त्या दिवशी मी आबा गेले तेव्हा रडले नव्हते इतकी रडले.

यंदा दसऱ्याआधी फोन आला. "अक्का, डबा घेऊन ये."

मी म्हटलं, "मी नाही येत. तूच ये. भाऊबीजेला ये, ओवाळते. येताना बंदूक आण. मका कापणीला आलाय आणि गोळ्या तयार आहेत."

"येतोच," तो म्हणाला.

भाऊबीजेला मी ताट करून ठेवलं, पाट मांडला, पुरण घातलं. दुपारी धुळ्याहून पार्सल आलं. त्यात साडी होती, भारीतली, जांभळी, जरीच्या काठाची. चिठ्ठीसुद्धा नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याकडचा मका आडवा झालेला होता.

मी ती साडी अंगाला लावूनही पाहिली नाही. घडी मोडली, मधोमध फाडली, आणि कळप शिरला होता तिथल्या खांबांना दोन्ही तुकडे ताणून बांधले. शेजारच्या शेतातली बाई धावत आली, "अवं, नवी कोरी साडी! येडी झाली का तू?"

"भावाने पाठवली आहे," मी म्हटलं. "बहिणीला राखायला."