वन्संचा उद्याचा आकडा

माझ्या वन्सं वीज कंपनीत उद्याचा आकडा सांगतात. मीही तिथेच, त्यांच्या शेजारच्या टेबलावर तेच काम करायचे. फरक एवढाच की आकडा त्यांचा बरोबर यायचा आणि जळफळाट माझा व्हायचा. खोटं कशाला बोलू!

काम ऐकायला सोपं आहे. उद्या शहराला दर पंधरा मिनिटांना किती वीज लागेल, हे आज सकाळी दहाच्या आत ठरवायचं आणि तेवढी विकत घेऊन ठेवायची. जास्त घेतली तर न वापरलेल्या विजेचेही पैसे जातात. कमी घेतली तर ऐन संध्याकाळी धावाधाव, मिळेल त्या भावाने. कोळसा महागतो, जुन्या तारा बदलाव्या लागतात, त्याचा खर्च जसा दरात जातो तसाच आमचा चुकलेला अंदाजही जातो. लोक कंपनीच्या नावाने बोटं मोडतात ना, त्यातली दोन-चार खरं तर आमच्या वाट्याची.

मी विजेतली पदवी घेतलेली. वन्सं टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या. त्यांची पद्धत काय, तर सकाळी फोन घेऊन बसायचं. बर्फाच्या कारखान्याचा पहारेकरी, कापडगिरणीचा मुकादम, सगळ्यांची चौकशी. "काय हो, उद्या किती पाळ्या? आणि पोरीचा खोकला गेला का?" मग खिडकीबाहेर हात काढून हवा बघायची आणि पेन्सिलीने तक्ता भरायचा. माझा संगणक तासभर डोकं खाजवायचा, तरी वन्संचाच आकडा जास्त जवळ! साहेब म्हणायचे, "बाईंच्या बोटांत मीटर आहे." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी यावं तर सासूबाईंचं तेच, "आमच्या ताईचं डोकं म्हणजे डोकं!" मग माझं काय, खोकं?

त्या वर्षी विभागप्रमुखाची जागा निघाली. आम्हा दोघींपैकी एकीला मिळणार होती. बारा वर्षं मी दुसरी होते. ती खुर्ची मला हवी होती, आणि वन्संना मिळू नये हे त्याहून जास्त हवं होतं.

अशातच एका बुधवारी वन्सं अंगात ताप घेऊन आल्या. साडेनऊला त्यांनी तक्ता माझ्यापुढे सरकवला. "अगं, नजर टाक जरा. आज माझे डोळे चुरचुरतायत."

मी नजर टाकली. लोखंड वितळवणारी एक मोठी भट्टी महिनाभर दुरुस्तीला बंद होती. ती गुरुवारी संध्याकाळी पेटणार, हे वन्संनीच मला सोमवारी सांगितलं होतं. तक्त्यात तिची वीज धरलेलीच नव्हती. शब्द अगदी ओठांवर आला होता.

"ठीक आहे, वन्सं," मी म्हणाले आणि मूग गिळून बसले.

गुरुवारी सहाला भट्टी पेटली. पाचपट भावाने वीज घ्यावी लागली, तीही पुरली नाही. दोन वस्त्या पाऊण तास अंधारात होत्या. साहेब लालबुंद झाले. "पुढच्या दरवाढीच्या अर्जात आता हेही घालायचं! लोकांना काय तोंड दाखवू मी?" वन्सं उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी, साहेब." तक्ता मी पाहिला होता, हे त्यांनी सांगितलंच नाही. आठवड्याभरात खुर्ची मला मिळाली.

त्या रविवारी दुपारी स्वयंपाकघरात आम्ही तिघी होतो. वन्सं भांडी पुसत होत्या, मी भाजी चिरत होते. सासूबाई धुमसतच होत्या. एकाएकी त्यांनी विचारलं, "काय गं ताई, तो कागद तू हिला दाखवला होतास म्हणालीस ना? मग हिला कसं दिसलं नाही?"

माझा हात थांबला. वन्संनी मात्र हातातलं पातेलंसुद्धा खाली ठेवलं नाही.

"काहीतरीच काय, आई! हिला दिसलं असतं तर ही गप्प बसली असती का?"

मी मान वर केली नाही. खुर्ची माझी होती, पगार वाढला होता, साहेब आता मला विचारून सही करत होते. आणि तरी त्या घडीला मला हेवा वाटला तो वन्संचाच. एखाद्यावर असा डोळे मिटून विश्वास टाकणं मला या जन्मी जमणार नव्हतं.