तीन वाजताचा फोन

मुलगी नागपूरला कंपनीत आहे. तिचे ग्राहक स्पेनचे आणि ब्राझीलचे, म्हणून ती स्पॅनिश शिकली. पोर्तुगीजही थोडीफार येते. दिवाळीत तिने मला 'मद्रुगादा' हा शब्द सांगितला. दोन्ही भाषांत एकच. मध्यरात्र उलटल्यापासून उजाडेपर्यंतचा वेळ. तिकडे 'मद्रुगादाचे तीन वाजले' असं साधी माणसंही म्हणतात. मी मास्तर माणूस, लगेच 'उत्तररात्र' काढून दाखवली.

"बाबा, उत्तररात्र कोण बोलतं? रात्री तीनला तुम्ही काय म्हणता?"

तीनला मी एकदा काय म्हणालो होतो, ते आठवलं.

मोठा भाऊ रामाकोन्याला संत्र्याचा बगीचा करतो. काही वर्षांपूर्वी शेतीची लाईन, म्हणजे वीज, रात्री दोनला यायची. मोटर सुरू करून तो एकेका झाडाच्या आळ्यात पाणी फिरवायचा आणि तिथूनच तीनच्या सुमारास मला सौंसरला फोन लावायचा. "काय करून राहिला?" झोपलेला माणूस काय करणार? मग पाण्याचं, बहाराचं, सोयऱ्यांचं काहीबाही चालू. आठवड्यातून दोन-तीनदा हेच. एकदा माझं डोकं सणकलं.

"भाऊ, मले सकाळची शाळा आहे. हे काय बोलाची येळ आहे?"

"बरं," म्हणाला. त्या वेळेला त्याचा फोन पुन्हा कधी आला नाही. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, हे लपवत नाही.

आता मात्र मुलीच्या त्या शब्दापासून चैन पडेना. दुखावला असेल का तो? रविवारी बगीच्यात गेलो. लाईन हल्ली दिवसा असते. भाऊ आळ्यातलं गवत उपटत होता. मी विचारलंच, "भाऊ, तवा फोनवर तोडून बोललो मी. राग आला असंन तुले?"

"राग कायचा?" तो मान वर न करता म्हणाला. "मले भेव लागे. डुकरं येत, साप निंघे. तुह्या वहिनीले सांगतलं असतं तं तिनं जाऊच देल्लं नसतं. कानापाशी कोनी बोलत असलं का बरं वाटे, म्हून तुले लावो."

त्याला भीती वाटते, हे मला उभ्या जन्मात कधी सुचलंच नव्हतं.

"मंग मी नाही म्हटल्यावर?"

"मंग काय. फोन तसाच कानाले लावून एकटाच बोलत फिरो."

"किती दिवस?"

"लाईन दिवसाची झाली तोवर."