गोल भिंतीनं केलेली चहाडी

ताई जुन्या कॅथेड्रलमधली बाकं एकतीस वर्षं पुसत होती. एकशे सोळा बाकं, सगळी काळ्या लाकडाची. धाकटी बहीण तिला ताई म्हणायची, म्हणून फादरांपासून माळ्यापर्यंत सगळेच म्हणू लागले. तिच्या लेखी ते कॅथेड्रल बिशपांचं नव्हतंच, तिचं होतं. बिशप काय, येत-जात राहायचे.

धाकटी हेच काम शेजारच्या शहरातल्या, अकरा वर्षांपूर्वी बांधलेल्या नव्या कॅथेड्रलमध्ये करायची. बसनं अर्धा तास. सगळ्या भांडणाचं मूळ तेच.

ताईचं म्हणणं, देवाचं घर कसं उंच हवं; वर बघताना मान अवघडली पाहिजे. तिच्याकडचे दगडी खांब सरळसोट वर जाऊन अंधारात कुठेतरी एकमेकांना भेटत. दुपारी रंगीत काचांतून ऊन आलं की फडक्यावरचे तिचे हात आधी निळे दिसत, मग जांभळे. धाकटीचं कॅथेड्रल गोल, पांढरं, काँक्रीटचं, पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखं. आत इतका उजेड की जांभई द्यायलाही आडोसा नाही. तिथे बसलं की आता नर्स येऊन नाव पुकारेल असं वाटतं, असं ताई येईल-जाईल त्याला सांगायची.

धाकटीही काही कमी नव्हती. तुझ्याकडे विहिरीत बसल्यासारखं वाटतं, ती म्हणायची. फादरांचं एक वाक्य संपेपर्यंत आधीची दोन फिरून परत येतात. आमच्याकडे बघ, उबदार, कोरडं, छपरातून थेंब गळत नाही. ताईचं छप्पर चार ठिकाणी गळायचं. त्यामुळे गाडी इथवर आली की तिला गप्प बसावं लागे. ते ‘कोरडं’ अकरा वर्षं तिच्या घशात अडकलं होतं.

शेवटी एका शनिवारी ती कुणाला न सांगता बसमध्ये बसली. पर्समध्ये पांढरं फडकं. धूळ सापडली की पुरावा. नव्या कॅथेड्रलमध्ये शुकशुकाट होता. तिनं पहिलं बाक पुसून पाहिलं, दुसरं पाहिलं. फडकं पांढरंच्या पांढरं. वैतागून ती कडेच्या बाकावर टेकली आणि गोल भिंतीला डोकं लावलं.

तोच भिंत धाकटीच्या आवाजात म्हणाली, “फादर, मी माझ्या बहिणीशी खोटं बोलते.”

ताईनं दचकून मागे पाहिलं. कुणी नव्हतं. पार समोर, चाळीसेक पावलांवर, त्याच भिंतीला लागून पापनिवेदनाची खोली होती, आणि पडद्याखाली धाकटीच्या हिरव्या चपला दिसत होत्या. तिकडची कुजबुज गोलाईवरून घसरत थेट ताईच्या कानात येत होती.

दुसऱ्याचं पापनिवेदन ऐकणं हे केवढं पाप, ते ताईला पक्कं ठाऊक होतं. तिनं उठायचं ठरवलंही, पण गुडघे हलेनात. पुढे तिनं सगळा दोष गुडघ्यांनाच दिला.

छप्पर बरोबर मध्यावर गळतं, धाकटी सांगत होती. पावसात मी नऊ बादल्या ठेवते आणि ताईला सांगते, थेंब नाही. फादरांनी विचारलं, माझ्या न्हाणीघरातली बादलीही त्यातच गेली का. धाकटीनं तेही कबूल केलं. मग जरा थांबून म्हणाली, “तिथे तिचे हात निळे होतात ना, मला फार हेवा वाटतो. म्हणून मी त्याला विहीर म्हणते.”

ताई पाय न वाजवता बाहेर पडली. बसमध्ये नऊ बादल्यांच्या आनंदानं तिला हसू फुटत होतं आणि निळ्या हातांच्या आठवणीनं रडू. शेजारच्या बाईनं जागा बदलली.

मनावरचं ओझं उतरवायला ती दुसऱ्या दिवशी आपल्या फादरांकडे गेली. ते ऐंशीचे, कानानं अधू. ताई कुजबुजली की ते म्हणत, मोठ्यानं बोल. ती मोठ्यानं बोलली. “नऊ बादल्या” हे शब्द खांबाखांबावर आदळत सगळ्या कॅथेड्रलभर फिरले. वेदीपाशी फुलं लावणाऱ्या बायकांचे हात थबकले. फादरांना वाटलं, हिनं बादल्या चोरल्या. त्यांनी गंभीरपणे प्रायश्चित्त दिलं: नऊच्या नऊ नेऊन दे. पुन्हा ओरडून खुलासा करण्यापेक्षा ताईनं मान डोलावली.

सोमवारी ती बाजारातून विकत घेतलेल्या, एकात एक बसवलेल्या नऊ बादल्या घेऊन बसमध्ये चढली. फुलांच्या बायकांनी पसरवलेली बातमी तिच्याआधीच पोचली होती. धाकटी दारातच उभी होती. “ताई, तू बादल्या चोरतेस असं ऐकलं. गरज होती तर मला मागायच्या.”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. ताईनं तिथेच, बादल्या हातात धरून, सगळं सांगून टाकलं. धाकटी लालेलाल झाली, तोंड फिरवून उभी राहिली. मग तिनं विचारलं, “नक्की कुठल्या बाकावर बसली होतीस?”

खात्री करायला धाकटी पडदा उघडाच ठेवून रिकाम्या खोलीत शिरली आणि ताई बाकावर बसली. पलीकडून आवाज आला, नणंदेच्या नव्या सुनेला पोळ्या येत नाहीत. स्पष्ट ऐकू आलं. ताईनं भिंतीला तोंड लावून उलट विचारलं, मग करतं कोण. तिथून जी गाडी सुटली ती दोन तास थांबली नाही. तिथले फादर आत आले तेव्हा दोन पोक्त बायका समोरासमोरच्या भिंतींना चिकटून, एकमेकींकडे पाठ करून, खांदे हलेस्तोवर हसत होत्या. फादर दारातच उभे राहिले. अकरा वर्षांत त्या बाकावर कोण कोण बसलं असेल, याचा हिशोब ते करत असावेत.

आठवड्याभरात खोली हलवायचं ठरलं. पण कुठे? सगळी भिंत गोल, आडोशाला एक खांब नाही. ताईनं मोजक्या शब्दांत सांगितलं की खांब अशा वेळीच कामाला येतात. धाकटीनं या खेपेला वाद घातला नाही. उलट, बुधवारी दुपारी ऊन असताना तुझ्याकडे बाकं पुसायला येऊ का, एवढंच विचारलं.