बिनगिअरची

रोज सकाळी मी नवऱ्याला एकच वाक्य म्हणायचे, "मले सोडून देता का?" पुण्याकडच्या माणसानं ऐकलं असतं तर बाई फारकत मागते आहे असंच त्याला वाटलं असतं. मला फक्त मलकापूर स्टेशनापलीकडच्या माझ्या ऑफिसात पोचायचं असायचं. मग हे उठणार, मोटरसायकल फडक्यानं पुसणार, तिच्याच आरशात भांग पाडणार, वाटेत पानठेल्यावर थांबून गावाची खबरबात घेणार, आणि मी साहेबांसमोर चोरासारखी आत शिरणार. नोकरी माझी, बोलणी मला, अन् वेळ यांच्या पानाची. डोकंच फिरायचं.

शाळेत असताना मी सायकल मस्त दामटायचे. म्हणून एकदा घरात सायकलीचं नाव काढलं. सासूबाईंनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. कमावती सून सायकलवर हिंडली तर लोक म्हणतील, पोरानं बायकोला धड गाडीही घेऊन दिली नाही. झालं, विषय मिटला. यांनी तर पेपर तोंडासमोर धरला, आणि तोही जाहिरातींच्या पानावर उघडलेला.

मी काय ऐकते? दुसऱ्याच दिवशी सायकलच्या दुकानात गेले. दुकानदार गिअरवाल्या सायकलींचं कौतुक सांगत सुटला. म्हटलं, भाऊ, आपलं मलकापूर तव्यासारखं सपाट, पुलाचा काय तो चढ, तिथं उतरून चालेन. गिअर जितके जास्त तितक्या दुरुस्तीच्या चकरा जास्त, हे त्यानंही शेवटी कबूल केलं. मला पाहिजे होतं साडी अडकू नये म्हणून बंद चेनकव्हर, चिखल उडू नये म्हणून मडगार्ड, डब्यापुरतं कॅरिअर आणि माझ्या पगाराला झेपेल अशी किंमत. तशी एक काळी, साधी सायकल मागं कोपऱ्यात धूळ खात होती. ब्रेक दाबून पाहिले, सीट खाली करून घेतली, दुकानासमोर एक चक्कर मारली. पाय जमिनीला टेकत होते. ठरलं.

जेवताना घरात एवढंच सांगितलं की बिनगिअरची पसंत केली आहे.

आता आमच्याकडे बिनगिअरची म्हणजे स्कूटी, दुसरं काही कुणाच्या मनातही येत नाही. सासूबाईंचा चेहरा असा खुलला की विचारू नका. रंग विचारला, मी काळा म्हटलं. पेट्रोल किती खाते हे यांनी विचारलं. बिलकुल नाही खात, मी म्हटलं. यातला एक शब्द खोटा असेल तर दाखवा.

सायकल घेऊन गल्लीत शिरले तेव्हा सासूबाई दारात ताट घेऊन उभ्या. हळदकुंकू, हार, नारळ, लिंबू. सोबत शेजारच्या मावशी आणि निम्मी गल्ली. मी सायकल स्टँडवर लावली. हे आपले माझ्या मागं पाहत होते, स्कूटी मागून येते आहे की काय. सासूबाई परत कर म्हणाल्या असत्या तर संपलंच होतं, पुन्हा रिटायर होईपर्यंत 'सोडून देता का'.

पण सजवलेलं पूजेचं ताट तसंच घरात न्यायचं म्हणजे अपशकुन, आणि तोही गल्लीदेखत. सासूबाईंनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मेथीसुद्धा कोमेजली असती. मग खाली उतरल्या. चेनकव्हरवर स्वस्तिक काढलं, हँडलला हार घातला, नारळ फोडला, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. यांनी सायकल ढकलली, तर लिंबू टुणकन नालीकडं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पळालं. गल्ली हसायला लागली. आणि आपल्या दारात आपल्यावर हसलेलं सासूबाईंना बिलकुल चालत नाही.

"बस ना वं तिच्यावर," त्या माझ्यावर खेकसल्या. "वजनाबिगर लिंबू कसं फुटन?"

मी पदर खोचला आणि बसले. एक पायडल, आणि लिंबाचा चेंदामेंदा. आता उतरायला पाहिजे होतं, पण इतका आनंद झाला होता की मी तशीच हारासकट पुढं निघाले. मागं मावशींचा आवाज आला, अवं, हे तं सायकल हाय ना?

"हाव," सासूबाई म्हणाल्या. "बिनगिअरची हाय."